हवेवर चालणारी नेल गन: बिघाड कसा शोधावा आणि निगा कशी राखावी

पुण्यात फर्निचरचे काम नव्याने शिकू लागलेल्या माणसाच्या हाती पटाशी आणि हातोडीच्या जोडीला आता नेल गनही लवकरच येते. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलेल्या प्लायच्या कडेला लाकडी पट्टी बसवायची असो, कपाटाची पाठ ठोकायची असो किंवा फेव्हिकॉल सुकेपर्यंत दोन तुकडे जागच्या जागी धरून ठेवायचे असोत, गनने ते काम काही क्षणांत होते. त्यातच बहुतेक सोसायट्यांत ठोकाठोकीला ठरावीक तासांचीच परवानगी असते, त्यामुळे गन मध्येच अडली की अख्खा दिवस वाया जातो. अशा वेळी नवख्या माणसाचा हात आधी एलन कीकडे, म्हणजे षटकोनी स्क्रूच्या चावीकडे जातो आणि गन खोलली जाते. ही सवय मोडावी असे मला वाटते. धायरीतल्या माझ्या गाळ्यात पहिल्याच पावसाळ्यात मी एक गन तीन वेळा खोलली, तिच्या सगळ्या ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी गोल कड्या बदलल्या, आणि शेवटी दोष गनसाठी हवा दाबून भरणाऱ्या कॉम्प्रेसरच्या टाकीत साठलेल्या पाण्याचा निघाला. तेव्हापासून मी एक क्रम पाळतो. हवा टाकीपासून खिळ्यापर्यंत ज्या वाटेने जाते, त्याच वाटेने दोष शोधत यायचे आणि गनचे झाकण सर्वांत शेवटी उघडायचे.

पुढचे विवेचन मुख्यत्वे एफ-३० या नावाने मिळणाऱ्या छोट्या गनला धरून केले आहे. ती १० ते ३० मिलिमीटर लांबीचे, १८ गेजचे बारीक खिळे मारते. गेजचा आकडा जितका मोठा, तितका खिळा बारीक, हे येथे लक्षात ठेवावे. काँक्रीटमध्ये खिळे मारणाऱ्या एसटी-६४ सारख्या मोठ्या गनची अंतर्गत रचनाही बरीचशी अशीच असते, मात्र तिचा धक्का कितीतरी मोठा असल्यामुळे शिकण्याची सुरुवात तिच्यावर करू नये.

गनच्या आत काय घडते

दोष ओळखायचा तर आतली हालचाल डोळ्यांसमोर असावी लागते. गनच्या मुठीत दाबलेली हवा सतत भरलेली असते. हीच हवा ट्रिगरच्या व्हॉल्व्हमधून वर जाऊन डोक्यातील मुख्य व्हॉल्व्हला सिलिंडरच्या तोंडावर दाबून धरते, त्यामुळे सिलिंडर बंद राहतो. ट्रिगर दाबला की मुख्य व्हॉल्व्हच्या वरची हवा बाहेर सुटते, व्हॉल्व्ह वर उचलला जातो आणि मुठीतली सगळी हवा एकदम पिस्टनवर कोसळते. पिस्टनला जोडलेले पोलादी पाते, ज्याला दुकानदार ड्रायव्हर म्हणतात, खाली येते आणि मॅगझिनमधला, म्हणजे डिंकाने चिकटवलेल्या खिळ्यांची पट्टी ज्यात भरतात त्या खोबणीतला, पहिला खिळा पट्टीतून तोडून लाकडात घालते. तळाशी रबराचे एक जाड कडे, म्हणजे बंपर, पिस्टनचा आघात झेलतो. याच वेळी थोडी हवा सिलिंडरच्या खालच्या छिद्रांतून बाजूच्या कप्प्यात शिरून बसते. ट्रिगर सोडल्यावर मुख्य व्हॉल्व्ह बंद होतो, वरची हवा एक्झॉस्टमधून, म्हणजे वापरलेली हवा बाहेर पडायच्या छिद्रातून, निघून जाते आणि कप्प्यातली ती साठवलेली हवा पिस्टनला परत वर ढकलते.

पाते परत वर नेणारी कोणतीही मोठी स्प्रिंग येथे नाही, हे नवख्यांना सहसा ठाऊक नसते. पाते अर्ध्यावर अडकले तर ते हवेच्या गळतीमुळे किंवा कोरड्या घर्षणामुळे अडकलेले असते, आणि तपास त्याच दिशेने करावा लागतो.

हात लावण्यापूर्वी

गनला कोणत्याही कारणासाठी हात लावायचा असला, तरी आधी पाइप काढावा. रेग्युलेटर, म्हणजे गनकडे जाणाऱ्या हवेचा दाब कमी-जास्त करणारी कळ, शून्यावर आणणे किंवा कॉम्प्रेसरचे बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण मुठीत उरलेली हवा एक खिळा मारायला पुरते. यासाठी जोडणीही योग्य असावी लागते. गनच्या बाजूला साधा निपल, म्हणजे आरपार मोकळी नळी असावी आणि तिच्यावर बसणारा, आपोआप बंद होणारा कप्लर पाइपच्या बाजूला असावा. अशी जोडणी असली म्हणजे पाइप काढताच गनमधली हवा फुस्सकन निघून जाते. काही जण उलट जोडणी करतात. त्यात पाइप काढल्यावरही गन भरलेलीच राहते, आणि हीच चूक सर्वांत घातक ठरते.

काम करताना डोळ्यांवर गॉगल असावा, कानांत बोळे असावेत आणि लाकूड धरणारा हात गनच्या नाकापासून, म्हणजे खिळा बाहेर पडतो त्या टोकापासून, किमान वीतभर दूर असावा. बारीक खिळा लाकडाच्या रेषेला किंवा गाठीला लागला की वळतो आणि कडेतून बाहेर येतो, तेथे बोट असेल तर बोटात शिरतो. खिळा खोल रुतला तर तो स्वतः ओढून न काढता डॉक्टरांकडे जावे. गन घेऊन चालताना किंवा शिडीवर चढताना बोट ट्रिगरवर ठेवू नये. ज्या गनच्या नाकावर दाबाची सेफ्टी असते, तिची सेफ्टी दोरीने किंवा टेपने बांधून ठेवण्याची पद्धत काही साइटवर दिसते. कामाचा वेग त्याने वाढत असला तरी ती पद्धत शिकू नये. कॉम्प्रेसरऐवजी ऑक्सिजनचे सिलिंडर जोडण्याचा विचारही मनात आणू नये, कारण दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होऊ शकतो.

टाकी, पाणी आणि पाइप

तपासाची सुरुवात कॉम्प्रेसरपासून करावी. एफ-३० गनला साधारणपणे ६० ते १०० पीएसआय (दर चौरस इंचाला इतके पौंड दाब), म्हणजे दुकानातल्या भाषेत ४ ते ७ किलो हवा लागते. टाकीवरचे गेज, म्हणजे दाबमापक, टाकीचा दाब दाखवते आणि रेग्युलेटरवरचे गेज गनकडे जाणारा दाब दाखवते. या दोहोंत गल्लत करू नये. रेग्युलेटरचे गेज गन चालत नसताना ९० दाखवते आणि दोन-तीन खिळे सलग मारल्यावर ५० वर घसरते, असे दिसले तर दोष गनचा नसून हवेच्या पुरवठ्याचा आहे असे समजावे. फिल्टर भुशाने भरलेला असणे, पाइप कुठेतरी मुडपलेला असणे, तो फार लांब आणि बारीक असणे, किंवा कॉम्प्रेसरला पुरेशी वीज न मिळणे ही त्याची नेहमीची कारणे होत.

विजेच्या बाबतीत एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १ अश्वशक्तीची मोटर ७४६ वॅटची असते आणि सुरू होताना ती याहून कितीतरी जास्त प्रवाह ओढते. दिव्यासाठी वापरली जाणारी पातळ एक्स्टेन्शन वायर लावून कॉम्प्रेसर तिसऱ्या खोलीत नेला की मोटर गुरगुरते, तापते आणि टाकी भरतच नाही. कॉम्प्रेसर प्लगजवळच ठेवावा आणि हवेचा पाइप लांब घ्यावा.

पाण्याचा प्रश्न पुण्यात ऋतूप्रमाणे बदलतो. जुलै-ऑगस्टमध्ये येथे २५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता ही रोजचीच स्थिती असते. अशा एक घनमीटर हवेत १९ ते २० ग्रॅम वाफ असते. ती हवा १०० पीएसआयपर्यंत दाबली की तिचे आकारमान जवळपास आठव्या हिश्श्यावर येते, आणि टाकीत ती थंड झाल्यावर तेवढ्या जागेत ३ ग्रॅमहूनही कमी वाफ टिकू शकते. उरलेल्या १६-१७ ग्रॅम वाफेचे पाणी होते. मे महिन्याच्या कोरड्या दुपारी हेच पाणी बरेच कमी होते. म्हणूनच उन्हाळ्यात व्यवस्थित चालणारी गन पावसाळ्यात खोकू लागते. पाणी टाकीला आतून गंज आणते, त्या गंजाचे कण पाइपातून गनमध्ये येतात आणि गनमधले तेलही पाण्याबरोबर धुऊन जाते.

यावरचा उपाय अगदी साधा आहे. रोज काम संपल्यावर टाकीतला दाब बराचसा उतरवावा आणि टाकीच्या तळाचा ड्रेन कॉक उघडून, टाकी थोडी तिरकी करून, पाणी पूर्ण निघेपर्यंत वाट पाहावी. सुरुवातीला चहासारखे तांबूस पाणी येईल. पावसाळ्यात हे दुपारच्या जेवणाच्या सुट्टीतही करावे. रेग्युलेटरसोबत पाणी अडवणारी काचेची किंवा प्लॅस्टिकची वाटी असते, तीही त्याच वेळी रिकामी करावी. पाइपचे थ्रेड टेफ्लॉन टेपने बांधताना पहिला आटा मोकळा सोडावा, नाहीतर टेपचे तुकडे आत जाऊन ट्रिगर व्हॉल्व्हमध्ये अडकतात. नवा पाइप गनला जोडण्यापूर्वी एकदा मोकळी हवा सोडून झाडून घ्यावा.

कोणते तेल आणि किती

ज्या गनला तेल लागते, तिच्या हवेच्या तोंडात दिवसाच्या सुरुवातीला दोन-तीन थेंब टाकावेत, आणि दिवसभर सलग काम असेल तर दुपारीही तेवढेच टाकावेत. पाइप जोडून, कमी दाबावर, टाकाऊ लाकडावर चार-पाच खिळे मारले की तेल आत सर्वत्र पसरते. ‘तेल न लागणारी’ असे जिच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते, तिच्यात तेल टाकू नये. त्या गनमध्ये कारखान्यातच ग्रीस भरलेले असते आणि वरून टाकलेले तेल ते धुऊन टाकते.

तेल न्यूमॅटिक टूलसाठी म्हणून विकले जाते तेच, हलके आणि डिटर्जंटविरहित घ्यावे. बोहरी आळीत अवजारांच्या दुकानांमध्ये ते सहज मिळते. स्कूटरचे इंजिन ऑइल घट्ट असते आणि त्यातली रसायने ओ-रिंगला सोसत नाहीत. गंज सोडवण्यासाठी डब्यातून फवारायचे जे द्रव मिळते, ते वंगण नव्हे. ते आतले खरे वंगण विरघळवते, त्यामुळे तासभर गन हलकी चालते आणि मग पूर्वीपेक्षा अधिक अडते. खोबरेल तेलाचा प्रयोगही मी पाहिला आहे. ते सुमारे २४ अंशांखाली गोठू लागते, आणि पुण्यातल्या जानेवारीच्या सकाळी पारा १० अंशांच्या आसपास असताना त्या गनचे काय झाले असेल, ते वाचकांनी ओळखावे. पेट्रोल आणि थिनर यांनी गन आतून धुणे मात्र गमतीचे नाही. थिनरने ओ-रिंग फुगतात, आणि पेट्रोलची वाफ सिलिंडरमध्ये दाबली गेली तर पेट घेऊ शकते.

थंडीत सकाळी पहिले काही खिळे नीट न लागणे हा बिघाड नव्हे. रबर कडक झालेले असते आणि ग्रीस घट्ट झालेले असते. कमी दाबावर दहा-पंधरा खिळे टाकाऊ लाकडावर मारावेत, गन स्वतःच मोकळी होते.

खिळे आणि अडकलेला खिळा

हवा आणि तेल ठीक असूनही गन मधूनच रिकामी फटका मारत असेल, तर मॅगझिन तपासावे. आत भुसा आणि खिळ्यांचा सुटलेला डिंक यांचा थर बसतो आणि खिळे पुढे ढकलणारा पुशर अडखळतो. जुन्या टूथब्रशने तो झाडावा आणि कोरड्या फडक्याने पुसावा. मॅगझिनच्या रुळावर तेल लावू नये, कारण तेलाला भुसा चिकटतो आणि काही दिवसांत पूर्वीपेक्षा वाईट स्थिती होते. पुशरची स्प्रिंग ढिली झाली असेल तर बदलावी.

स्वस्तातल्या खिळ्यांबद्दल माझे मत स्पष्ट आहे, त्यात होणारी बचत खोटी असते. पट्टी वाकडी असते, खिळ्यांची जाडी कमी-जास्त असते आणि डिंक इतका पातळ असतो की पावसाळ्यात पट्टी हातातच सुटते. खोका गाळ्याच्या फरशीवर न ठेवता झाकणाच्या डब्यात ठेवावा. गंजलेली पट्टी गनमध्ये घालण्यापेक्षा फेकावी. शिवाय गन रिकामी असताना ट्रिगर दाबत राहू नये. खिळ्यात न गेलेला सगळा जोर बंपरवर जातो, आणि एफ-३० जातीच्या अनेक गनमध्ये खिळे संपल्यावर आपोआप थांबण्याची सोय नसते. मॅगझिनच्या खिडकीतून अधूनमधून पाहण्याची सवय लावून घ्यावी.

खिळा नाकात अडकला तर पुढील क्रम पाळावा. पाइप काढावा. मॅगझिन मागे ओढून उरलेली पट्टी बाहेर घ्यावी, म्हणजे अडकलेल्या खिळ्यावरचा स्प्रिंगचा दाब जातो. नाकावर खटका असेल तर तो उघडावा, नसेल तर तेथील दोन-तीन एलन स्क्रू सोडवावेत. वाकलेला खिळा नोकदार पकडीने काढावा. पाते खाली अडकलेले असेल तर पितळी किंवा लाकडी काडीने हळूच वर ढकलावे. स्क्रू ड्रायव्हर हातोडीने ठोकू नये, कारण पात्याच्या टोकाला एकदा खाच पडली की त्यानंतरचा प्रत्येक खिळा तेथेच तिरका होतो. एखाद्या वेळी खिळा अडकणे स्वाभाविक आहे. एका दिवसात तीन-चार वेळा अडकला, तर खिळ्याचा प्रकार चुकला आहे किंवा पात्याचे टोक झिजले आहे.

खिळ्याचे डोके लाकडाच्या वर राहत असेल तर दाब वाढवण्याची घाई करू नये. आधी लाकूड पाहावे. एमडीएफमध्ये, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या दाबलेल्या मऊ फळीत, ७० पीएसआयवर सहज बुडणारा ३० मिलिमीटरचा खिळा जुन्या सागवानात त्याच दाबावर उभा राहू शकतो. मग पात्याचे टोक पाहावे. ते चौकोनी आणि सपाट हवे. कोपरे गोल झाले असतील तर बारीक दगडावर हलके घासून सपाट करता येते. ग्राइंडरवर धरले तर पोलाद तापून मऊ पडते, म्हणून वारंवार पाण्यात बुडवावे लागते. पण प्रत्येक घासणीत पाते आखूड होते आणि खिळा तेवढाच वर राहतो, त्यामुळे हा उपाय एखाद्या वेळेपुरताच आहे. दाब वाढवायचाच तर ५-५ पीएसआयने वाढवावा आणि गनवर छापलेल्या कमाल आकड्याच्या पुढे कधीही जाऊ नये.

गळती कोठून होते

येथे मात्र कान लागतात. शांत जागी गन जोडून ठेवावी आणि ऐकावे. आवाज येतो पण जागा सापडत नाही, असे असेल तर साबणाचे पाणी ब्रशने सांध्यांवर लावावे, बुडबुडे जागा दाखवतात. हे पाणी हवेच्या तोंडात जाऊ देऊ नये.

गन नुसती पडून असताना एक्झॉस्टमधून हवा येत असेल, तर मुख्य व्हॉल्व्हची ओ-रिंग कोरडी, कापलेली किंवा कचऱ्यामुळे नीट न टेकणारी असते. लगेच खोलू नये. तेलाचे तीन थेंब टाकून दहा-बारा खिळे मारून पाहावेत, पुष्कळदा गळती तेवढ्यानेच थांबते. ट्रिगरच्या खालून हवा येत असेल तर ट्रिगर व्हॉल्व्हच्या बारीक ओ-रिंग गेल्या असतात. त्या सुट्या बदलण्यात नवख्याचा अर्धा दिवस जातो, म्हणून पूर्ण व्हॉल्व्हच बदलावा. झाकण आणि अंग यांच्या सांध्यातून हवा येत असेल तर झाकणाचे स्क्रू ढिले झालेले असतात किंवा सांध्यातले गॅस्केट, म्हणजे हवा अडवणारा पातळ थर, फाटलेले असते. ट्रिगर दाबून धरल्यावर नाकातून हवा वाहत राहत असेल, तर संशय झिजलेल्या बंपरवर घ्यावा. नाकातून काळे रबरी कण पडत असतील तर संशयालाही जागा उरत नाही. पाते वर जायला आळस करत असेल, तर पिस्टनची ओ-रिंग, बंपर आणि परतीच्या कप्प्याची ओ-रिंग या क्रमाने तपासावे.

झाकण उघडताना

एवढे सगळे करूनही दोष राहिला तरच गन खोलावी. पाइप काढलेला असावा आणि मॅगझिन रिकामे असावे. खाली पांढरे कापड पसरावे, म्हणजे घरंगळलेली ओ-रिंग सापडते. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो घ्यावा. झाकणाचे चार एलन स्क्रू एकेक पूर्ण न काढता चारही थोडे थोडे सैल करावेत, कारण आत स्प्रिंग असते. प्रथम झाकण, मग स्प्रिंग, मुख्य व्हॉल्व्ह, सिलिंडर आणि त्याच्या आत पिस्टन अशा क्रमाने भाग निघतात. जसे निघतील तसे कापडावर एका ओळीत मांडावेत.

जुने ग्रीस कोरड्या, सूत न सुटणाऱ्या फडक्याने पुसावे. ओ-रिंग बोटात फिरवून पाहावी. एका बाजूने चपटी झालेली, चिरलेली किंवा खणखणीत कडक झालेली ओ-रिंग परत बसवू नये. शक्य असेल तर त्याच मॉडेलचे रिपेअर किट घ्यावे. सुटी ओ-रिंग घेताना जुनी सोबत न्यावी, पण ती चुकीच्या तेलाने फुगलेली असेल तर तिचे माप फसवे निघते. अशा वेळी ती ज्या खाचेत बसते तो पिस्टनच दुकानात न्यावा आणि आतला व्यास व जाडी ही दोन्ही मापे जुळवावीत. नवी ओ-रिंग बसवताना टोकदार वस्तू वापरू नये. तिला ओ-रिंगसाठी मिळणाऱ्या ग्रीसचा पातळ हात द्यावा. ग्रीस जास्त झाले तर तेच भुसा धरून ठेवते. गनच्या अंगाला तडा गेलेला दिसला तर एम-सीलने बुजवण्याचा मोह टाळावा आणि ती गन भंगारात काढावी.

बसवताना झाकणाचे स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. तेलाचे दोन थेंब टाकावेत, रेग्युलेटर ६० पीएसआयवर ठेवावा आणि गनचे नाक टाकाऊ लाकडावर टेकवूनच पाइप जोडावा, कारण चुकीच्या बसवलेल्या व्हॉल्व्हमुळे जोडताक्षणी एक फटका सुटू शकतो. अर्धा मिनिट गळती ऐकावी. मग मॅगझिनमध्ये पाच-सहाच खिळे भरून एकेक मारावा, प्रत्येक फटक्यानंतर पाते पूर्ण वर गेले की नाही ते पाहावे, आणि सगळे खिळे सारख्या खोलीवर बसले तरच पूर्ण पट्टी भरावी.